ड्रॅग शर्यतीचा पिकअप ट्रक

ड्रॅग शर्यतीचा पिकअप ट्रक म्हणजे सरळ व सपाट धावपट्टीवर, थांबलेल्या अवस्थेपासून ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्यासाठी फेरबदल केलेला, मागे उघडा हौदा असलेला ट्रक होय. ड्रॅग शर्यतीत एका वेळी दोन वाहने शेजारच्या दोन मार्गिकांवरून धावतात. वळणे, चढ-उतार अथवा फेऱ्या नसतात. हा क्रीडाप्रकार मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे आणि पिकअप ट्रकच्या शर्यतीही प्रामुख्याने तेथेच होतात.

शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट (४०२.३ मीटर) आहे. त्याच्या निम्म्या अंतराची, अष्टमांश मैलाची (६६० फूट अथवा २०१.२ मीटर) धावपट्टी ही ‘छोटी धावपट्टी’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेच्या दक्षिण व आग्नेय भागांत अशा धावपट्ट्या मोठ्या संख्येने आढळतात. छोट्या धावपट्टीवर ट्रक जलद करण्याचे तंत्र पाव मैलाच्या तंत्रापेक्षा काहीसे वेगळे असते. इंजिनाच्या कमाल शक्तीपेक्षा सुटण्याच्या क्षणी टायरना मिळणारी पकड येथे अधिक निर्णायक ठरते.

धावपट्टी व वेळमापन

शर्यतीचा आरंभ ‘ख्रिसमस ट्री’ नावाच्या दिव्यांच्या खांबाने होतो. ही पद्धत १९६३ मध्ये रूढ झाली. आरंभरेषेवर प्रकाशकिरण सोडलेले असतात. ट्रकची पुढची चाके त्या किरणांना अडवतात, तेव्हा ट्रक योग्य जागी उभा असल्याचे दिवे दर्शवतात. त्यानंतर पिवळे दिवे व शेवटी हिरवा दिवा लागतो. एका पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने एकामागून एक लागतात. दुसऱ्या पद्धतीत ते तिन्ही एकदम लागतात व ०.४ सेकंदाने हिरवा दिवा लागतो. हिरव्या दिव्यापूर्वी ट्रक सुटल्यास लाल दिवा लागून स्पर्धक बाद होतो.

येथे दोन वेगवेगळ्या वेळा मोजल्या जातात. दिवा लागल्यापासून ट्रक आरंभरेषा सोडेपर्यंतचा काळ हा प्रतिसादकाळ होय. आरंभरेषा सोडल्यापासून अंतिम रेषेपर्यंतचा काळ हा धावकाळ होय. धावकाळ मोजणारे घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होत नाही. पुढचे चाक प्रकाशकिरणातून बाहेर पडते तेव्हा ते सुरू होते. त्यामुळे सावकाश प्रतिसाद देणाऱ्या चालकाचा धावकाळ बिघडत नाही, परंतु तो शर्यत मात्र हरू शकतो.

किरणातून चाक बाहेर पडेपर्यंत ट्रक साधारणपणे एक फूट पुढे सरकलेला असतो. या अंतरास ‘रोलआउट’ म्हणतात. हे अंतर घड्याळात धरले जात नाही. चाक किरणाच्या अलीकडच्या काठावर उभे केल्यास रोलआउट वाढते व धावकाळ किंचित घटतो. चाक पुढे सरकवून उभे केल्यास प्रतिसादकाळ सुधारतो, पण धावकाळ किंचित वाढतो.

धावपट्टीवर ६० फूट, ३३० फूट व ६६० फूट अंतरांवर वेळ नोंदली जाते आणि प्रत्येक धावेनंतर चालकाला तिचा छापील कागद मिळतो. यांपैकी ६० फुटांचा (१८.३ मीटर) काळ हा ट्रक किती चांगला सुटला याचा सर्वांत विश्वासार्ह निदर्शक मानला जातो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात रस्त्यांवर व कोरड्या सरोवरांच्या पात्रांत मोटारींच्या शर्यती लावण्याची प्रथा फोफावली. रस्त्यांवरील शर्यतींतील अपघात टाळण्यासाठी नियमबद्ध धावपट्ट्यांची गरज भासू लागली. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथील विमानतळावर प्रेक्षकांकडून शुल्क घेणारी ड्रॅग शर्यत सुरू झाली. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) ही संस्था स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली.

पिकअप ट्रक या खेळात प्रेक्षकप्रिय झाला तो १९६० च्या दशकाच्या मध्यात ‘लिल रेड वॅगन’ या डॉज ए-१०० ट्रकमुळे. त्यात ४२६ घनइंचाचे हेमी इंजिन चालककक्षाच्या मागे बसवले होते. मागील चाकांवर एवढा भार आला की ट्रक सुटताच त्याची पुढची चाके हवेत उचलली जात. चालक बिल गोल्डन यांनी पुढे अनेक वर्षे मागील दोन चाकांवर ट्रक पळवण्याचे प्रदर्शन केले. भाराच्या वाटणीचा परिणाम किती तीव्र असतो, याचे हा ट्रक बोलके उदाहरण आहे.

१९९१ मध्ये जनरल मोटर्सने जीएमसी सायक्लोन हा छोटा पिकअप ट्रक विक्रीस आणला. त्याचे ४.३ लिटरचे टर्बोचार्जरयुक्त सहा सिलिंडरचे इंजिन २८० अश्वशक्ती देत असे व शक्ती चारही चाकांना मिळत असे. कारखान्यातून आलेल्या स्थितीतच तो पाव मैल १४ सेकंदांच्या आसपास कापू शके. त्या काळच्या अनेक महागड्या क्रीडा-मोटारींना हे जमत नसे. १९९८ ते २००१ या काळात एनएचआरएने ‘प्रो स्टॉक ट्रक’ हा स्वतंत्र व्यावसायिक वर्ग चालवला. त्यात शेव्हरोले एस-१०, फोर्ड रेंजर व डॉज डकोटा यांसारख्या छोट्या पिकअपच्या आकाराची वाहने धावत. पुढील काळात टर्बोचार्जरयुक्त डिझेल इंजिनांच्या मोठ्या पिकअप ट्रकांच्या शर्यतीही लोकप्रिय झाल्या.

गतिशास्त्र

ट्रकच्या धावेचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात इंजिनाकडे पुरेशी शक्ती असते, पण टायर ती जमिनीला देऊ शकत नाहीत. येथे त्वरण पकडीने मर्यादित होते. वेग वाढत जातो तसे तेच त्वरण टिकवण्यास अधिकाधिक शक्ती लागते. एका ठरावीक वेगानंतर टायरची पकड शिल्लक राहते, पण इंजिनाची शक्ती अपुरी पडते. हा दुसरा टप्पा होय.

केवळ दुसरा टप्पाच आहे असे मानले, तर लागणारा काळ हा वस्तुमान भागिले शक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून वजन १० टक्क्यांनी घटवल्यास काळ १० टक्क्यांनी घटत नाही, सुमारे ३.५ टक्क्यांनीच घटतो. शक्ती १० टक्क्यांनी वाढवल्यास काळ सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. पहिला टप्पा लक्षात घेतला की हा लाभही आणखी कमी होतो.

उदाहरणार्थ, २,००० किलोग्रॅम वजनाचा, चाकांशी ३०० अश्वशक्ती (सुमारे २२४ किलोवॅट) देणारा व केवळ मागील चाके फिरवणारा ट्रक घेऊ. त्याच्या रिकाम्या स्थितीतील वजनापैकी ४२ टक्के भार मागील चाकांवर, दोन एक्सलमधील अंतर ३.२ मीटर व गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आहे असे समजू. हवेचा रोध व गिअर बदलण्यातील विलंब वगळल्यास छोट्या धावपट्टीसाठी पुढील अंदाज मिळतात:

• साधे टायर (घर्षण गुणांक १.०), ३०० अश्वशक्ती: ६० फुटांचा काळ २.३२ सेकंद, धावकाळ ८.७३ सेकंद.
• साधे टायर, ३३० अश्वशक्ती: ६० फुटांचा काळ तोच, धावकाळ ८.६४ सेकंद.
• शर्यतीचे टायर (घर्षण गुणांक १.५), ३०० अश्वशक्ती: ६० फुटांचा काळ १.७७ सेकंद, धावकाळ ७.७६ सेकंद.
• शर्यतीचे टायर, ३३० अश्वशक्ती: धावकाळ ७.५८ सेकंद.

हे आकडे आदर्श स्थितीतील आहेत. प्रत्यक्ष काळ त्याहून जास्त असतो. तथापि त्यांतील परस्परसंबंध बोधप्रद आहे. साध्या टायरवर ३० अश्वशक्ती वाढवून ०.०९ सेकंद वाचतात, तर इंजिनाला हात न लावता केवळ टायर बदलून जवळजवळ एक सेकंद वाचतो. तसेच पकड सुधारल्यानंतर त्याच ३० अश्वशक्तीचा लाभ दुपटीने, म्हणजे ०.१८ सेकंद होतो. पाव मैलाच्या धावपट्टीवर साध्या टायरच्या ट्रकला वाढीव ३० अश्वशक्तीमुळे सुमारे ०.२१ सेकंदाचा लाभ होतो. अंतर जितके छोटे, तितके पकडीचे महत्त्व मोठे, हे यावरून स्पष्ट होते.

भाराचे स्थलांतर

पिकअप ट्रक ओझे वाहण्यासाठी बनवलेला असतो. हौदा रिकामा असताना इंजिन व चालककक्ष यांमुळे बहुतेक भार पुढच्या चाकांवर असतो, तर ओढणारी चाके मागे असतात. शर्यतीच्या दृष्टीने हा ट्रकचा मूळ दोष होय.

त्वरणामुळे काही भार पुढून मागे सरकतो. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे कलतात, त्यामागेही जडत्वाचेच तत्त्व असते. सरकणारा भार हा वस्तुमान, त्वरण व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकारास दोन एक्सलमधील अंतराने भागल्यास मिळतो. वरील उदाहरणात साध्या टायरवर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.५४ पट असते व त्या वेळी मागील चाकांवरील भार ४२ टक्क्यांवरून सुमारे ५४ टक्के होतो. घर्षण गुणांक दीडपट केल्यास त्वरण दीडपट न होता ०.९४ पटींपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोनपट होते. कारण वाढलेले त्वरण अधिक भार मागे ढकलते आणि वाढलेला भार अधिक पकड देतो.

मागील भार वाढवण्यासाठी बॅटरी इंजिनाच्या कप्प्यातून काढून हौद्यात मागील एक्सलच्या मागे बसवतात. इंधनाची टाकीही नियमांच्या मर्यादेत मागे नेता येते. पुढचे वजन कमी करण्यासाठी पोलादी बोनेटऐवजी फायबरग्लासचे बोनेट लावतात.

हौद्यात वजन ठेवण्याचा उपाय मात्र दुधारी आहे. वरील ट्रकच्या मागील एक्सलवर १०० किलोग्रॅम वजन ठेवल्यास सुटतानाचे त्वरण सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढते, परंतु एकूण वस्तुमान ५ टक्क्यांनी वाढल्यामुळे पुढील टप्पा मंदावतो. टायर साधे व धावपट्टी निसरडी असेल तर हा उपाय लाभतो. चांगले टायर असल्यास तोटाच होतो. असे वजन नेहमी चासीला बोल्टने पक्के जोडावे लागते. वाळूची सुटी पोती अपघाताच्या वेळी घातक ठरतात.

चारही चाके फिरवणाऱ्या ट्रकमध्ये संपूर्ण वजन पकडीच्या कामी येते. घर्षण गुणांक १.० असल्यास त्याचे त्वरण तत्त्वतः गुरुत्वत्वरणाएवढे होऊ शकते. अधिक वजनाचे व जास्त यांत्रिक घर्षणाचे असूनही असे ट्रक छोट्या धावपट्टीवर प्रभावी ठरतात ते यामुळेच.

टायर व धावपट्टीचा पृष्ठभाग

शर्यतीचे टायर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. ‘स्लिक’ टायरला नक्षी नसते व त्याच्या बाजू मऊ असतात. सुटताना त्या बाजूंना सुरकुत्या पडतात आणि धक्का सौम्य होऊन जमिनीला टेकणारा भाग वाढतो. ‘ड्रॅग रेडियल’ टायरला थोडी नक्षी असते व त्याच्या बाजू तुलनेने ताठ असतात. दोन्ही प्रकारांत हवेचा दाब रस्त्यावरील टायरपेक्षा बराच कमी ठेवतात. दाब फार कमी झाल्यास ट्रक वेगात असताना डोलू लागतो, म्हणून तो थोडाथोडा बदलून प्रत्येक वेळी ६० फुटांचा काळ तपासला जातो.

धावेपूर्वी मागील चाके जागच्या जागी फिरवून टायर तापवतात. या क्रियेस ‘बर्नआउट’ म्हणतात. तिच्यामुळे स्लिक टायरवरील रबर मऊ व चिकट होते आणि त्यावरील खडे-माती निघून जाते. त्यासाठी आरंभरेषेमागे पाण्याचा उथळ पट्टा केलेला असतो. नक्षीदार साधे टायर असलेल्या ट्रकने मात्र हा पट्टा टाळावा, असा संकेत आहे. नक्षीच्या खाचांत पाणी भरून ते आरंभरेषेपर्यंत जाते व आपली तसेच मागून येणाऱ्या स्पर्धकाची पकड घटवते.

धावपट्टीच्या सुरुवातीच्या भागावर चिकट द्रव्य फवारून व रबराचा थर बसवून पकड वाढवलेली असते. उन्हाने पृष्ठभाग फार तापला किंवा सायंकाळी दव पडले, की पकड घटते. एकाच ट्रकचा धावकाळ दुपारी व रात्री वेगवेगळा येण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

मागील एक्सल व पाटे

बहुतेक पिकअप ट्रकांत मागील एक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टेकलेला असतो. पाटे ओझे पेलण्यासाठी उत्तम असले, तरी जोरदार सुटताना इंजिनाच्या पिळामुळे एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो व पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वाकतात. ते पुन्हा सरळ होताना चाक जमिनीवरून उसळते, पुन्हा आपटते व पुन्हा उसळते. या थरथरीस ‘व्हील हॉप’ म्हणतात. यात पकड तर जातेच, शिवाय एक्सल, डिफरन्शियल व प्रोपेलर शाफ्ट यांवर हातोड्याचे घाव बसावेत तसे आघात होऊन ते मोडू शकतात.

यावर उपाय म्हणून एक्सलपासून चासीपर्यंत मजबूत दांडे बसवून त्याचे फिरणे रोखतात. अधिक गंभीर स्पर्धक पाटे काढून टाकतात व चार दांड्यांची रचना आणि गुंडाळी स्प्रिंगा बसवतात. दांड्यांचे कोन बदलून मागील टायर किती जोराने जमिनीत दाबला जावा, हे ठरवता येते. पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर सहज वर येणारे, पण सावकाश खाली बसणारे निवडतात. त्यामुळे ट्रकचे नाक लवकर उचलले जाते व भार मागे सरकतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरू लागले की शक्ती त्याच चाकाला मिळत राहते. म्हणून दोन्ही चाकांना ओढ देणारे मर्यादित-घसरणीचे डिफरन्शियल वापरतात किंवा केवळ शर्यतीच्या ट्रकमध्ये दोन्ही चाके एकत्र जखडतात. जखडलेली रचना वळणदार रस्त्यावर वापरण्यास योग्य नसते.

गिअर व टॉर्क कन्व्हर्टर

स्वयंचलित गिअरपेटीतील टॉर्क कन्व्हर्टर द्रवाच्या साहाय्याने इंजिनाची शक्ती पुढे नेतो. ट्रक जागेवर रोखून धरलेला असताना इंजिन ज्या कमाल फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते, तिला त्या कन्व्हर्टरचा ‘स्टॉल वेग’ म्हणतात. मूळ कन्व्हर्टरचा स्टॉल वेग कमी असल्याने इंजिन आपल्या दुबळ्या टप्प्यातच ट्रक ओढू लागते. इंजिनाच्या टॉर्कशी जुळणारा अधिक स्टॉल वेगाचा कन्व्हर्टर बसवल्यास सुटण्याच्या क्षणीच इंजिन जोमदार टप्प्यात असते. छोट्या धावपट्टीवर हा बदल विशेष लाभदायक असतो. मात्र त्यामुळे द्रव अधिक तापतो, म्हणून स्वतंत्र शीतक आवश्यक ठरतो.

एक्सलचे गिअर गुणोत्तर अंतिम रेषेवरील अपेक्षित वेगावरून ठरवतात. समजा, मागील टायरचा व्यास २८ इंच (०.७१ मीटर) आहे आणि ट्रक ६६० फुटांवर ताशी १३० किलोमीटर वेगाला पोहोचतो. त्या वेळी चाक मिनिटाला सुमारे ९७० फेऱ्या घेते. टर्बो-हायड्रामॅटिक ४०० या तीन गिअरच्या पेटीत गुणोत्तरे २.४८, १.४८ व १.०० अशी असतात. एक्सलचे गुणोत्तर ३.७३ असल्यास अंतिम रेषेवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ५,३५० फेऱ्यांवर असते. इंजिनाला एवढ्या फेऱ्या झेपत असतील, तर संपूर्ण धाव एकदाच गिअर बदलून पूर्ण होते. याच ट्रकने पाव मैलावर ताशी १६० किलोमीटर गाठल्यास तिसरा गिअर अपरिहार्य होतो. गुणोत्तर याहून वाढवल्यास चाकांवरील ओढ वाढते खरी, पण टायर आधीच घसरत असतील तर ती वाया जाते.

इंजिन व हवा

इंजिनाची शक्ती शेवटी ते दर मिनिटाला किती ऑक्सिजन आत घेऊन जाळू शकते, यावर अवलंबून असते. टर्बोचार्जर अथवा सुपरचार्जर हवा दाबून भरतात. दाबलेली हवा तापते व विरळ होऊ पाहते, म्हणून तिला आंतरशीतकातून नेतात. छोट्या धावेसाठी काही स्पर्धक आंतरशीतकात बर्फाचे पाणी खेळवतात. धाव काही सेकंदांचीच असल्याने तेवढे पुरते. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, तर हवेत तो सुमारे २३ टक्के असतो. म्हणून हा वायू सोडताच शक्ती वाढते. त्यासोबत योग्य प्रमाणात इंधन न मिळाल्यास पेट्रोल इंजिनाचे पिस्टन वितळू शकतात.

मोठ्या टर्बोचार्जरला पूर्ण वेग घेण्यास काही काळ लागतो. पाव मैलावर हा विलंब भरून काढता येतो, छोट्या धावपट्टीवर तशी संधी नसते. म्हणून तेथे कमाल शक्ती थोडी कमी देणारा, परंतु लवकर दाब निर्माण करणारा मध्यम टर्बोचार्जर अनेकदा सरस ठरतो.

थंड व कोरड्या हवेत इंजिन अधिक शक्ती देते. उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर १,००० फुटांमागे सुमारे ३ टक्के शक्ती गमावते. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या धावकाळांची सरळ तुलना करता येत नाही.

पिकअप ट्रकचा आकार हवेला मोठा रोध करतो. मध्यम आकाराच्या ट्रकला हा रोध ओलांडण्यासाठी ताशी १३० किलोमीटर वेगाला सुमारे ५० अश्वशक्ती, तर ताशी १६० किलोमीटरला जवळजवळ १०० अश्वशक्ती खर्चावी लागते. रोधावर खर्च होणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हौद्यावर झाकण बसवण्यासारखे उपाय मोठ्या धावपट्टीवर उपयुक्त, तर छोट्या धावपट्टीवर दुय्यम मानले जातात.

वजन घटवणे

स्टेपनी, जॅक, प्रवाशाचे आसन, ट्रेलर ओढण्याचा हुक व गालिचे या वस्तू विनाखर्च काढता येतात. हौद्याचा फाळका व मागील बंपर काढल्याने वजन घटते, परंतु ते मागील भागाचे असल्याने पकडही किंचित घटते. म्हणून वजन शक्य तो पुढचे काढावे, हे तत्त्व पाळतात. फिरणाऱ्या भागांचे वजन घटवण्याचा लाभ दुहेरी असतो, कारण त्यांना पुढे नेण्याबरोबरच फिरवण्यासाठीही शक्ती लागते. हलकी चाके व हलका प्रोपेलर शाफ्ट यांना यामुळे प्राधान्य मिळते. ब्रेक मात्र कधीही कमी क्षमतेचे करू नयेत. ट्रकचे वजन मोठे असते व छोट्या धावपट्टीपुढील थांबण्याची जागा मर्यादित असू शकते.

चाचणीची पद्धत

एका वेळी एकच बदल करणे व त्याची नोंद ठेवणे हे ड्रॅग शर्यतीतील तयारीचे मूलभूत तत्त्व आहे. एकाच दिवशी टायरचा दाब, शॉक-ॲब्सॉर्बर व इंजिनाची जुळणी बदलल्यास लाभ अथवा हानी कशामुळे झाली, हे कळत नाही. नोंदवहीत तापमान, आर्द्रता, टायरचा दाब, सुटतानाच्या इंजिनाच्या फेऱ्या व सर्व टप्प्यांचे काळ लिहिले जातात.

वेळेच्या कागदावरून दोषाचे स्थान ओळखता येते. ६० फुटांचा काळ खराब पण अंतिम वेग चांगला असल्यास दोष पकडीत असतो. ६० फुटांचा काळ चांगला पण अंतिम वेग कमी असल्यास दोष इंजिनात, गिअर बदलण्याच्या वेळेत किंवा गुणोत्तरात असतो. खर्चाच्या दृष्टीने टायर व त्यांचा दाब, मागील एक्सलची स्थिरता, कन्व्हर्टर व गिअर गुणोत्तर आणि शेवटी इंजिन हा क्रम छोट्या धावपट्टीसाठी सामान्यतः योग्य समजला जातो.

हौशी स्पर्धांत ‘ब्रॅकेट’ पद्धत रूढ आहे. तीत प्रत्येक स्पर्धक आपला अपेक्षित धावकाळ आधी जाहीर करतो व संथ ट्रकला त्या फरकाइतका आधी आरंभ मिळतो. जाहीर केलेल्या काळापेक्षा जलद धावल्यास स्पर्धक सामान्यतः बाद होतो. अशा स्पर्धेत सर्वांत जलद ट्रकपेक्षा प्रत्येक वेळी तोच काळ देणारा ट्रक अधिक यशस्वी ठरतो.

सुरक्षितता

ट्रक जलद होतो तशी सुरक्षा-साधनांची सक्ती वाढत जाते. एनएचआरएच्या नियमांत पाव मैल १३.९९ सेकंद (अष्टमांश मैल ८.५९ सेकंद) किंवा त्याहून जलद धावणाऱ्या वाहनाच्या चालकास हेल्मेट आवश्यक असते. सामान्यतः ११.४९ सेकंदांपासून (अष्टमांश मैल ७.३५ सेकंद) चालकाच्या मागे पोलादी संरक्षक कमान व त्याहून जलद वाहनांना पूर्ण पोलादी पिंजरा लागतो. नव्या वाहनांसाठी यात काही सवलती आहेत.

प्रोपेलर शाफ्ट पुढच्या टोकाला तुटल्यास तो जमिनीत रुतून वाहन उलटवू शकतो किंवा तळ फोडून आत येऊ शकतो. लांब शाफ्ट असलेल्या पिकअपमध्ये हा धोका विशेष असतो. म्हणून शाफ्टभोवती पोलादी कडे बसवतात. वेग वाढवणारा प्रत्येक बदल करण्यापूर्वी ब्रेक, पट्टे व ही साधने त्या वेगास पुरेशी आहेत का, हे पाहणे आवश्यक असते.

अंतराचा प्रश्नही सुरक्षिततेशी निगडित आहे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे चालक स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर एनएचआरएने आपल्या सर्वांत वेगवान दोन वर्गांचे अंतर पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले.

कायदा व पर्यावरण

अमेरिकेत रस्त्यावर वापरायच्या वाहनातील प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा काढून टाकणे हे स्वच्छ हवा कायद्यानुसार बेकायदेशीर आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये असा अंदाज मांडला की मागील सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांमधील अशी यंत्रणा काढली गेली होती. केवळ शर्यतीसाठी रूपांतरित केलेल्या वाहनांना सवलत असावी की नसावी, हा तेथे वादाचा विषय राहिला आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा गुन्हा आहे. वाहनाचा नोंदणीतील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असे फेरबदल करण्यास कलम ५२ सामान्यतः मनाई करते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही मोटारी व दुचाकींची ड्रॅग शर्यत भरवली गेली आहे. रस्त्यावरील जीवघेण्या शर्यतींना बंदिस्त, देखरेखीखालील व नियमबद्ध धावपट्टीचा पर्याय देणे हा या खेळाच्या संघटनेमागील मूळ हेतू होता आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

हे सुद्धा पहा

• ड्रॅग शर्यत
• पिकअप ट्रक
• घर्षण
• टर्बोचार्जर
• डिफरन्शियल